आई परत जाईल याचा पुरावा

कुरिअरवाल्याने पाकीट गिरणीतच आणून दिलं. आईने पिठाचे हात पदराला पुसले, पाकीट फोडलं, पासपोर्टची पानं एकेक करून उलटली आणि मला व्हिडिओ कॉल केला. मागे गिरणी चालू होती, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती.

“अगं, शिक्का कुठाय ह्यात? समदी पानं कोरीच हायत.”

पासपोर्टबरोबर दोन पानी इंग्रजी पत्र होतं. शेजारच्या मुलीने त्याचा फोटो काढून पाठवला. मार्च २०२४. मला आठवा महिना चालू होता. लीड्समध्ये बाहेर पाऊस होता आणि मी सोफ्यावर डाव्या कुशीवर पडून ते पत्र फोनवर झूम करून वाचत होते. पत्रातली बरीचशी वाक्यं एकाच पद्धतीने सुरू होत होती: अमुक गोष्टीबद्दल मी समाधानी नाही, तमुक गोष्टीबद्दल मी समाधानी नाही. शेवटी निष्कर्ष. भेट संपल्यावर तुम्ही युनायटेड किंग्डम सोडून जाल, याची मला खात्री वाटत नाही.

मी आईला सोपं करून सांगितलं, “त्यांना वाटतंय तू इथेच राहशील.”

तिने गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी? तिथं? कशापायी?”

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. माझं माहेर कराड तालुक्यातल्या एका गावात, आणि मी साडेसात हजार किलोमीटरवर. म्हणून माहेरालाच इकडे आणायचं ठरलं होतं. आईने डिंक, खारीक, अळीव आणून ठेवलं होतं. मऊ जुन्या साड्यांच्या दुपट्या शिवल्या होत्या. बॅग भरून कॉटखाली सरकवली होती. ती बॅग पुढचं वर्षभर तिथेच राहिली.

एप्रिलमध्ये मुलगी झाली. नवऱ्याने यूट्यूबवर बघून बाळाला अंघोळ घातली. आईने फोनच्या स्क्रीनवरून सूचना दिल्या, “मान धर, मान धर.” नेट अडकलं की तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठायचा आणि आम्ही पाणी थंड व्हायच्या आत पुढचं अंदाजाने उरकायचो.

---

त्या पत्रावर मी दोन महिने रागावले होते. नंतर एका रात्री बाळाला मांडीवर घेऊन ते पुन्हा वाचलं, आणि या वेळी आईच्या बाजूने न वाचता लिहिणाऱ्याच्या बाजूने वाचलं. तो अधिकारी आईला कधी भेटला नव्हता. इथल्या व्हिजिटर व्हिसासाठी आपल्या आईवडिलांची सहसा मुलाखत होत नाही. बोटांचे ठसे, एक फोटो, ऑनलाइन फॉर्म आणि स्कॅन केलेले कागद, एवढ्यावर निर्णय होतो. म्हणजे त्याच्यासमोर आई नव्हतीच. मी तयार केलेली एक कागदी बाई होती.

आणि ती बाई खरंच संशयास्पद होती.

तिच्या बँक खात्यात वर्षभर नऊ-दहा हजारांच्या वर शिल्लक नव्हती. मग जानेवारीत अचानक आधी दोन लाख आणि आठवड्याने दीड लाख जमा झाले. ते मी पाठवले होते. कराडच्या एका एजंटने सांगितलं होतं, “खात्यात तीन-चार लाख दिसले पाहिजेत, नाहीतर फाइल बघत पण नाहीत.” पैसे कुठून आले याचा एक ओळीचाही खुलासा आम्ही जोडला नव्हता. फॉर्ममध्ये तिचं महिन्याचं उत्पन्न पंचवीस हजार लिहिलं होतं आणि त्याचा एकही पुरावा दिला नव्हता. कारण पुरावा नव्हताच. गिरणीचे पैसे रोख येतात, स्टीलच्या डब्यात पडतात आणि डब्यातूनच खर्च होतात.

पण सगळ्यात वाईट चूक वेगळीच होती. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, तुमच्यावर कोणी आर्थिकदृष्ट्या अवलंबून आहे का? मी ‘नाही’ निवडलं होतं. आमच्या घरी आजी आहे. बाबांची आई. चौऱ्याऐंशी वर्षांची. २०२२ मध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून आईच तिला अंघोळ घालते, जेवू घालते. बाबा २०१९ ला गेले, तेव्हापासून या सासू-सुना दोघीच त्या घरात आहेत. मला वाटलं होतं, आजीचं लिहिलं तर विचारतील की मग तिच्याकडे कोण बघणार, आणि उगाच गुंता होईल. म्हणून मी आजी गाळली.

अधिकाऱ्याने बरोबर तेच लिहिलं होतं. तुम्ही विधवा आहात, घरी तुमच्यावर कोणी अवलंबून नाही, तुमची मुलगी इथे आहे.

हे आईला सांगणं भाग होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग तुझी आजी काय रानात राहती व्हय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या परत जाण्याचं सगळ्यात मोठं कारण मीच फॉर्ममधून पुसून टाकलं होतं.

---

पुन्हा अर्ज करायचा म्हणजे काय, हे मी त्या दिवसांत शिकले. ज्यांच्या घरात असं एखादं पत्र येऊन पडलंय त्यांच्यासाठी सांगते.

व्हिजिटर व्हिसाच्या नकारावर अपील नाही. पूर्वी कुटुंबाला भेटायला येणाऱ्यांना अपिलाचा अधिकार होता. तो २५ जून २०१३ पासून काढून टाकला. कोर्टात जाऊन न्यायालयीन पुनर्विलोकन मागता येतं, पण तो खर्च आपल्यासारख्यांचा नाही. उरतो एकच मार्ग, नव्याने अर्ज. त्याला वाट पाहायची सक्ती नाही. दुसऱ्या दिवशीही करता येतो. फी पुन्हा भरायची, तेव्हा ११५ पाऊंड होती, म्हणजे जवळपास बारा हजार रुपये. आधीची परत मिळत नाही. पण तेच कागद पुन्हा पाठवले तर तेच उत्तर येण्याची शक्यता जास्त.

आधीचा नकार लपवायचा नाही. फॉर्म तो थेट विचारतो, आणि त्यांच्याकडे नोंद असतेच. खोटं बोलल्याचं ठरलं तर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. उलट नकाराचं पत्र समोर ठेवून त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायचं.

आणि जे मला आधी कळायला हवं होतं ते हे. नियमांच्या ‘अपेंडिक्स व्ही’मध्ये स्पष्ट लिहिलंय की येणाऱ्याचा प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च दुसरं कोणी करू शकतं, फक्त नातं खरं हवं, खर्च करणारा इथे कायदेशीर राहत असायला हवा आणि त्याची ऐपत दिसायला हवी. म्हणजे आईला श्रीमंत दाखवायची गरजच नव्हती. ‘खर्च मी करणार’ असं सरळ लिहून माझ्या पगाराच्या पावत्या जोडल्या असत्या तर पुरलं असतं. मी मात्र माझेच पैसे आईच्या खात्यात टाकून ते तिचे असल्यासारखे दाखवले. का, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, आपली आई गरीब दिसू नये, असं मला वाटत होतं. परक्या माणसापुढे पाहुणे येताना आपण मोडकी खुर्ची आत सरकवतो, तसं.

---

मग आठ-नऊ महिने आम्ही आईचा खरा संसार कागदावर आणायला घेतला.

जमीन सव्वा एकर. बाबा गेल्यावर वारस नोंद झाली होती, त्यामुळे सातबाऱ्यावर आईचं नाव होतं. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळाला. पण त्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळेना. आईचं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव आधार आणि पासपोर्टवर. सातबाऱ्यावर त्याच नावाचं तिसरंच रूप, शेवटचं अक्षर खाल्लेलं. तिन्ही बायका एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र तहसील कार्यालयाबाहेरच्या टायपिस्टकडून करून घेतलं. आई म्हणाली, “एका जन्मात तीन बाया झाले मी, आणि एकीलापण व्हिसा न्हाई.”

गिरणीचं वीजबिल अजून बाबांच्या नावावर होतं. ते बदलायला तिला चार हेलपाटे पडले. उद्यम नोंदणी फुकट होते, ती मी इथून ऑनलाइन केली, ओटीपी तिच्या फोनवर. त्यासाठी तिने एकदा चालू दळण थांबवलं आणि रांगेतल्या बायकांना सांगितलं, “थांबा जरा, लेक माझी कंपनी काढतीया.”

मग क्यूआर कोड आला. आईला तो आवडला नाही. पैसे दिसत नाहीत म्हणायची. पण दर सोमवारी डब्यातली रोकड बँकेत भरायला लागली, दोन हजार, अठराशे, कधी अडीच हजार. सहा महिन्यांत पासबुक बदललं. मोठी रक्कम एकही नाही, नुसती आठवड्याच्या आठवड्याला बारीक बारीक जमा. मला ते पासबुक बघायला आवडायचं. सणांच्या आधी रक्कम वाढायची. ज्या आठवड्यात आजीला ताप होता, त्या आठवड्यात काहीच नाही.

उत्पन्न मोजलं तर महिन्याला सरासरी सोळा हजार निघालं. पंचवीस नाही. आम्ही सोळा लिहिलं. आधी जास्त का लिहिलं होतं तेही लिहिलं, की तो अंदाज होता, हिशेब नव्हता.

गिरणीची वही पण जोडली. मराठी कागदाला पूर्ण भाषांतर लागतं, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क. कराडच्या भाषांतरकाराने मला फोन केला. ‘दळण’ला काय लिहायचं ते त्यांना माहीत होतं. अडले होते ते वहीच्या शेवटच्या रकान्यात. “मॅडम, इथं बऱ्याच ठिकाणी ‘उधार’ आहे. ते येणं म्हणून दाखवू की सोडून देऊ?” मी आईला विचारलं. ती म्हणाली, “येणं कसलं? त्यातलं निम्मं मी कधी मागणार न्हाई. पण त्या बाया मला सोडून दुसरीकडं जात न्हाईत, एवढं लिही.”

ते कुठल्या रकान्यात बसेना. पण गावात तिचं काय आहे, हे त्या सबंध फाइलमध्ये त्याहून नेमकं कुणी सांगितलं नाही.

आजीचे कागद लावले, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, औषधांची पावती. आत्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं, वहिनी जाऊन परत येईपर्यंत चार आठवडे मी आईजवळ राहीन. तारखांसकट. चार आठवड्यांच्या वर तिला जमणार नव्हतं, तिची स्वतःची म्हैस आहे.

---

शेवटी राहिलं माझं पत्र. आमंत्रण देणाऱ्याने लिहायचं असतं. मी कोण, काय काम करते, घर केवढं, खर्च कोण करणार. ते सगळं अर्ध्या तासात झालं. मग एक परिच्छेद राहिला: माझी आई भारतात परत जाईल, कारण.

त्या वाक्यापुढे मी दोन संध्याकाळी बसले. कारणं होती, ती सगळी माहीत होती. पण ‘परत जाईल’ हे शब्द टाइप करताना मला मुंबईचा विमानतळ आठवत होता. सप्टेंबर २०२१. मी आईला आणि फोनवर आजीला सांगितलं होतं, एक वर्ष शिकायचं, दोन वर्षं नोकरी, कर्ज फिटलं की परत. मी खोटं बोलत नव्हते. तेव्हा शिक्षण संपल्यावर दोन वर्षं राहायची परवानगी मिळायची, माझा सगळा हिशेब त्या दोन वर्षांत बसवलेला होता. मग नोकरी लागली, कंपनीने वर्क व्हिसा दिला. मग लग्न. मग बाळ. कर्ज फिटलं त्या महिन्यात आम्ही मोठ्या फ्लॅटसाठी डिपॉझिट भरलं. ‘परत जायचं नाही’ असं आम्ही कधी ठरवलंच नाही. फक्त जायची तारीख कुणी काढली नाही.

परत येईन म्हणून न परतणारी आमच्या घरात एकच बाई आहे, आणि ती दुसऱ्या बाईबद्दल हमी लिहून देत होती.

नातेवाईक विचारायचे, “ठेवूनच घे ना आईला तिकडे, एकटी काय करते?” त्यांना वाटतं ते आपल्या हातात असतं. २०१२ पासून इथे म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं आणण्याचा नियम इतका अरुंद आहे की आधी मुलाला इथे कायमचं राहायचा हक्क लागतो. मग आईवडिलांना रोजच्या गोष्टींसाठीही दुसऱ्याचा हात लागतो आणि पैसे देऊनही ती काळजी तिकडे मिळू शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. थोडक्यात, आई इथे कायमची यायची तर आधी ती खूप मोडायला हवी. धडधाकट, गिरणी चालवणाऱ्या आईला इथे पाहुणी म्हणूनच यावं लागतं.

मी पत्रात शेवटी एवढंच लिहिलं: तिची सासू तिची वाट बघते. तिची गिरणी बंद राहिली तर तीसेक घरांना दुसऱ्या गावाला जावं लागतं. जूनमध्ये पेरणी असते. ती पाहायला येतेय, राहायला नाही. खरं होतं ते, आणि लिहिताना मला थोडं वाईटही वाटलं, कारण कुठेतरी आत मला ती राहायला हवी होती.

---

जानेवारी २०२५. आई ठशांसाठी पुण्याला गेली, एसटीने, बायकांच्या अर्ध्या तिकिटात, पहाटेच्या गाडीने. मशीनवर तिची बोटं उमटेनात. रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा दोन-तीनदा लावावा लागतो. इतकी वर्षं दगडाला टाकी लावून आणि पीठ चाळून बोटं गुळगुळीत झालीत. काउंटरवरच्या मुलीने हात पुसायला लावले, पुन्हा दाबून ठेवायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला उमटली. आई मला फोनवर म्हणाली, “माझी बोटं त्यास्नी कळंनात. म्हनलं, घासलीत बाई कामानं.”

फेब्रुवारीत पाकीट आलं. तिने पुन्हा व्हिडिओ कॉल केला. या वेळी गिरणी आधीच बंद केली होती. पानं उलटत गेली आणि थांबली.

“काय तरी चिकटवलंय.”

“फोटो आहे का तुझा?”

“हाय. लई वंगाळ आलाय.”

मागून आजीचा आवाज आला, “मिळाला का गं? मिळाला का?” आई तिच्याकडे वळून म्हणाली, “मिळाला. आन् चार आठवड्यात येती मी, घाबरू नगा.”

---

पाडवा झाल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती आली. वर्षभर कॉटखाली असलेली बॅग घेऊन. दुपट्यांसाठी नात आता मोठी झाली होती. आईने त्या उलगडल्या, नातीच्या अंगाला लावून बघितल्या, आणि काही न बोलता स्वयंपाकघरात हातपुसणी म्हणून नेल्या.

पहिल्या दोन दिवसांत तिने आमच्या पिठाचा निकाल लावला. दुकानातल्या पिशवीतलं पीठ चिमटीत धरून चोळलं. “गरम दळलंय. जळालंय पीठ. म्हणून चपाती वातड होती तुझी.” चार वर्षं मला वाटत होतं की दोष माझ्या हाताचा आहे.

मुलीचा पहिला वाढदिवस तिच्या मांडीवर झाला. ती राउंडहे पार्कला गेली, तळ्याकाठी बसली, “लई शांत हाय” म्हणाली, आणि ते तिने कौतुकाने म्हटलं नव्हतं. रोज इथल्या दुपारी आजीला फोन. गोळी घेतली का, आत्या भाजीत तिखट जास्त टाकते का. आजी तक्रारी करायची आणि आईचा चेहरा खुलायचा.

तिसऱ्या आठवड्यात मी तो विषय काढलाच. व्हिसा सहा महिन्यांचा होता, ऑगस्टपर्यंतचा. तिकीट बदलायला फार पैसे लागत नव्हते. मुलगी नुकती पावलं टाकायला लागली होती. मी म्हटलं, “आई, अजून महिनाभर राहा ना. कायदेशीर आहे. कुणी काही म्हणणार नाही.”

ती नातीचे मोजे घडी घालत होती. “आत्याला चारच आठवडे सांगितलंय.”

“मी बोलते आत्याशी.”

“आन् तू त्या सायबाला काय लिहून दिलंयस?”

“त्याला चालेल गं. सहा महिने चालतात.”

“त्याला चालंल,” ती म्हणाली. “पण मी म्हातारीला बोललीय.”

मी गप्प बसले. तिने तो टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं.

३ मे ला आम्ही तिला मँचेस्टरच्या विमानतळावर सोडलं. नातीने तिच्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं, ते सोडवताना आई हसत होती. ती आत गेली आणि वळून बघितलं नाही. चष्मा पुसत होती असं नवरा म्हणाला. मी बघत नव्हते.

दोन दिवसांनी तिचा फोटो आला. मला वाटलं आजीचा असेल, किंवा गिरणीचा. व्हिसाच्या फाइलचा होता, त्या निळ्या प्लॅस्टिकच्या फोल्डरचा. सातबारा, प्रतिज्ञापत्र, वहीचं भाषांतर, नकाराचं पत्र, सगळं त्याच क्रमाने. सगळ्यात वर तिने परतीचा बोर्डिंग पास लावला होता, टाचणीने नाही, स्टेपल करून.

खाली व्हॉइस नोट होती. मागे गिरणी चालू होती, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती.

“ठिवलाय बघ जपून. फुडल्या बारीला दाखवायला.”